केशोरीच्या गोदामावरची रेघ

गाडीचा उजेड कमी पडतो अशी तक्रार घेऊन कोणी दुकानात आलं, की मी त्याला आधी बाकावर बसवायचो आणि माझ्या बापाच्या बांधीची गोष्ट सांगायचो. घाईतलं गिऱ्हाईक वैतागायचं. "मिस्त्री, बल्ब बदलून दे ना गा, कहानी कायले सांगून राह्यला?" पण गोष्ट पुरी झाल्याशिवाय मी पान्याला हात लावत नसे. स्वभावच तसा, त्याला आता या वयात काय औषध!

आमचं मूळ गाव तिरोड्याकडचं, चोरखमारा तलावाच्या नहराच्या अगदी शेवटच्या टोकाला. तिथे बापाची धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, होती. तलाव काठोकाठ भरलेला असायचा, पण आमच्या बांधीत पाणी यायचं ते मुंगीच्या पावलानं. वाटेत कुठे उंदरांनी पोखरलेलं, कुठे गाळ, कुठे कोणी गुपचूप फोडून घेतलेलं. बाप कपाळाला हात लावून म्हणायचा, "तलाव नाई आटला बापू, पानी वाटेत मेलं."

जुन्या जीपचंही असंच असतं. बॅटरी म्हणजे तलाव आणि दिवा म्हणजे शेवटची बांधी. करंट बॅटरीतून निघतो तो आधी चावीकडे जातो, तिथून बटनाकडे, तिथून अप्पर-डिपरच्या स्विचकडे, आणि मग कुठे करदोड्याएवढ्या वायरीतून दिव्याशी पोचतो. बॅटरीवर मीटर लावलं तर साडेबारा व्होल्ट, आणि दिव्याच्या होल्डरवर लावलं तर जेमतेम दहा. अडीच व्होल्ट वाटेत मेले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यात उजेड निम्म्यावर येतो. मग लोक काय करतात? मोठा बल्ब टाकतात. म्हणजे शेवटच्या बांधीला पाणी मिळत नाही म्हणून बांधीच मोठी करायची! होल्डर वितळतो, जळक्या रबराचा वास सुटतो, आणि शिव्या मिस्त्रीला.

गोंदियात ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो ते उस्ताद हिंदीतच बोलायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बेटा, बल्ब को गाली मत दे. पहले रास्ता देख." रस्ता नीट करायचा म्हणजे बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायरीचा सरळ पाट टाकायचा आणि त्याच्या तोंडाशी रिले नावाचं छोटं गेट बसवायचं. जुन्या बटनानं फक्त ते गेट उघडायचं. बाकी गंज खरवडायचा, अर्थिंग घट्ट करायची, काच पुसायची. बल्ब तोच. आणि तोच बल्ब असा पेटतो की बघणाऱ्याला खरं वाटत नाही. आयुष्यभर मी हे काम केलं, पण तो क्षण आला की दर वेळी मीच बघत राहायचो. उजेड आधीपासून गाडीतच होता, नुसता पोचत नव्हता. याचा अचंबा मला आजही वाटतो.

सासुरवाडीच्या ओळखीनं मी अर्जुनी मोरगावला दुकान टाकलं, ते नव्याण्णव-दोन हजारच्या सुमाराला. गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका गुरुजींच्या स्कूटरचा दिवा इंजिनाच्या जोरावर पेटणारा. रेस दिली की लख्ख, हळू केली की काजवा. म्हणून गुरुजी अंधारात पहिल्या गिअरवर फुल रेस देऊन यायचे. गुरुजी चौकात पोचायच्या आधी त्यांचा आवाज पोचायचा. दुसऱ्या एकानं दिव्याच्या बरोबर मधोमध लिंबू-मिरच्या टांगलेल्या, आणि वर मलाच विचारतो, "मधात कारं कारं काऊन दिसते?" मी म्हटलं, नजर लागू नये म्हणून तूच नजर बांधून ठेवली आहेस, बाबा!

पण सांगायची गोष्ट सदारामभाऊंची आहे. ती मी आजवर छापील कागदावर कुठे सांगितलेली नाही.

सदारामभाऊ केशोरीचे. पन्नाशीचा, काटक, मोजून बोलणारा माणूस. केशोरी ते अर्जुनी त्यांची सवारी जीप चालायची. रस्ता बराचसा जंगलातला. मध्ये कुठे दिव्याचा खांब नाही, रस्त्यावर पट्टे नाहीत. त्यांच्या जीपचा उजेड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं. पुढे धरलेला कंदील बरा. मी विचारलं, "भाऊ, याच्यावर वीस वर्षं गाडी कशी चालवली?"

"पाठ आहे रस्ता," ते म्हणाले. "येनाचं जोडझाड आलं का उजवीकडे वळाचं. चिखलाचा वास आला का नाला. चांदनं असलं तं मी लाईट बंदच करतो, जास्त दिसते."

वीस वर्षांत एक कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नव्हती. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग आता उजेड वाढवायचा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "रस्ता मले पाठ आहे जी. पन रस्त्यावर कोन येईन, ते थोडी पाठ राहते!"

दिवाळी सरली होती आणि मंडईचे दिवस तोंडावर होते. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी आळीपाळीनं मंडई भरते. दिवसा दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ, बाजार, पोरीबाळी माहेराला, आणि जेवणं आटोपली की नाटक. त्या दिवसांत सांज झाली की सगळे रस्ते माणसांनी, बंड्यांनी भरून वाहतात. बंडी म्हणजे आमची बैलगाडी. तिला ना दिवा, ना मागे लाल काच.

दोन दिवस खपून मी जीपची वायरिंग नवी केली. दोन रिले, जाड वायर, सगळं. मग दिव्यांचा नेम धरला. नेम धरायचा म्हणजे सपाट जागेवर भिंतीपासून दहा पावलं दूर गाडी उभी करायची, आणि उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या जराशी खाली येईल असे स्क्रू फिरवायचे. मी अगदी बोटाच्या पेरानं मोजून नेम धरला. दिवेलागणीला बटन दाबलं. समोरच्या तांदळाच्या मिलची भिंत चुन्यासारखी पांढरी झाली. सदारामभाऊ गाडीपुढे गेले आणि भिंतीवरच्या आपल्याच सावलीकडे बघत उभे राहिले.

"येवढा उजेड माह्याच गाडीत होता?" ते म्हणाले. मी मिशीला पीळ देऊन हो म्हटलं.

चारच दिवसांनी एका गावच्या मंडईला मी त्यांच्याच जीपनं निघालो. केशोरीला एक काम आटोपून मी तिथूनच बसलो, पुढे त्यांच्या शेजारी. मागे पंधरा-सोळा माणसं, शिवाय बाहेरच्या पायरीवर लटकलेली चार. अंधार पडून तासभर झाला असेल. जंगल लागलं आणि सदारामभाऊंनी अप्पर मारला.

काय सांगू! झाडंच्या झाडं पेटल्यासारखी उजळली. मोहाचे शेंडे, ऐनाच्या उंच फांद्या, पान न् पान मोजून घ्यावं. आणि वर फांद्यांवर रांगेनं वांदरं बसलेली. काळी तोंडं, चमकणारे डोळे, पोटाशी पिल्लं. त्यांनी हात डोळ्यांवर घेतले. सबंध जीप ओरडली, "अबे पाहा, वांदरं दिसून राह्यली!" ज्या झाडांखालून ही माणसं जन्मभर गेली, त्यांचे शेंडे अंधारात कोणी कधी पाहिलेच नव्हते. मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "मिस्त्री, तुनं तं सूर्य बसवला गा!" माझा ऊर असा फुगला की सीट पुरेना. मीही तोंड वर करून वांदरं बघत होतो. आणि बघता बघता ध्यानात आलं. उजेड झाडावर आहे, तर रस्त्यावर काय आहे?

"थांबवा!" मी किंचाळलो. सदारामभाऊंचा पाय माझ्या ओरडण्याच्या आधीच ब्रेकवर होता. जीप घसरत गेली आणि पुढचं बंपर कशाला तरी टेकून थांबलं.

समोर बंडी होती. मागच्या फळीला आमचं बंपर टेकलेलं. आत दोन बाया, निजलेली तीन लेकरं आणि फळीशीच बसलेली एक म्हातारी. एक हात आणखी पुढे गेलो असतो, तर... ते मला आजही पुरतं लिहवत नाही. कोणाला खरचटलंदेखील नाही. म्हातारीच्या हातातलं भाकरीचं गाठोडं तेवढं खाली पडलं. ती रडली नाही, ओरडली नाही. डोळ्यांवर हात धरून, आपल्या डोक्यावरच्या त्या झगझगीत झाडांकडे बघत तिनं विचारलं, "बापू, येवढा उजेड घेऊन येत होतास, अन् आमी नाई दिसलो?"

मी खाली उतरलो. एका नजरेत सगळं कळलं. मी नेम धरला होता तो रिकाम्या जीपवर! जीप रिकामी चालते कधी? मागे वीस माणसं बसली की मागचे स्प्रिंगचे पाटे दबतात, गाडी ढुंगणावर बसते आणि नाक वर होतं. नाक वर, म्हणजे दिवे वर. नेम शहरातल्या एकट्या साहेबाच्या मोटारीचा, आणि गाडी आमच्या झाडीपट्टीची. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. माझ्या दिव्यानं अंधार दिव्यापुढेच करून ठेवला होता.

इकडे सवाऱ्या सदारामभाऊंवर तुटून पडल्या होत्या. "डोरे फुटले का गा तुहे? येवढी मोठी बंडी नाई दिसली?" आणि मी? मी काच फुटली का बघतो म्हणून दिव्यांपुढे उकिडवा बसलो आणि खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरनं गुपचूप दोन्ही दिवे खाली केले. सदारामभाऊंनी ते पाहिलं. आमची नजरानजर झाली. ते लोकांकडे वळून एवढंच म्हणाले, "हाव, माह्या ध्यानात नाई आलं."

ज्या माणसानं वीस वर्षं कंदिलाच्या उजेडात कोणाला धक्का लागू दिला नाही, त्यानं माझी चूक आपल्या पदरात घेतली, आणि मी ती घेऊ दिली. का? दुकान नवं होतं. गावात दुसराही एक मिस्त्री होता. कारणं शोधायला गेलं की मिळतातच.

आठवडाभरानं दुकानात देवकाबाई आल्या. सदारामभाऊंच्या घरच्या. घरी ब्लाऊज शिवायच्या, बोलायला नवऱ्याच्या अगदी उलट.

"जय भीम, मिस्त्री," बाकावर टेकत त्या म्हणाल्या. "गावात बोंब झाली, सदारामचे डोरे गेले म्हनून. कोनी गाडीत बसून नाई राह्यलं. काल दिवसभरात तीन सवाऱ्या भेटल्या, त्यातली एक तं बकरी होती."

"भाऊ काय म्हणतात?"

"ते कायले बोलतीन? चूप बसून राहतेत. गाडी इकून टाकतो म्हनतेत." आता त्यांचा आवाज चढला. "डोरे गेलेल्या मानसाले सुईत धागा ओवता येते का, सांगा बरं? रोज सांजेले माह्या सुईत तेच धागा ओवून देतेत. मले नाई दिसत, त्यायले दिसते! तुमी होते ना तवा गाडीत? तुमचं लोकं ऐकतीन. येऊन सांगा ना जी, डोरे चांगले आहेत म्हनून."

म्हणजे या माणसानं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं! चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं बाई मुद्दाम बोलते आहे, पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. मी येतो म्हणालो आणि पुढचे तीन दिवस गेलो नाही. भाताचा घास घेतला की म्हातारीचा प्रश्न आठवे. शेवटी बायकोच म्हणाली, "जा एकदाचे. नाही तर जेवू तरी नका."

केशोरीच्या बाजाराच्या दिवशी गेलो. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर आणि गेरूचा खडा. सदारामभाऊ जीप उभी करून झाडाखाली बसले होते. मी म्हटलं, "भाऊ, गाडी गोदामासमोर घ्या." धान खरेदीच्या गोदामाची लांबच लांब कोरी भिंत बाजाराला लागूनच होती. ते जागचे उठले नाहीत.

"राहू दे गा मिस्त्री. तुलेही लेकरं आहेत."

"आहेत, म्हणून तर," मी म्हणालो.

सांज उतरत होती. मी दिवे पुन्हा पहिल्यासारखे, माझ्या दुकानातल्या नेमावर आणले. गाडी रिकामी. उजेडाची कड भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर पडली. तिथे गेरूनं रेघ ओढली. बाजार उठवणारी माणसं थबकली. मी ओरडून म्हटलं, "आता एकेकानं मागे बसा!" कोणी हलेना. सदारामची गाडी ना! तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. बंडीतली तीच. बाजाराला आली असणार. "उभ्या गाडीनं का मारते?" म्हणत तिनं लुगडं सावरलं आणि चढून बसली. तिच्यामागे देवकाबाई. मग लाजून दोन, हसत चार, मग ढकलाढकली.

आणि उजेड चढू लागला. चार माणसांना रेघेच्या वर चार बोटं. आठ झाली, वीतभर. सोळाव्या माणसाला कड गोदामाच्या खिडकीवर. पायरीवर चौघं लटकले आणि उजेड छपराच्या कवेलूंवरून निसटून मागच्या चिंचेच्या शेंड्यावर गेला. खाली, रेघेच्या जागी, मिट्ट काळोख.  कांदेवाला हातातलं माप धरून तसाच उभा. मी हे काम करत होतो, आणि मलाही ते पहिल्यांदाच दिसत होतं: माणसाच्या वजनानं उजेड हलतो, एकेक माणूस बसतो आणि उजेड आणखी आभाळाकडे जातो.

मी म्हटलं, "भाऊंचे डोळे गेलेले नाहीत. अक्कल माझी गेली होती. मी रिकाम्या गाडीवर नेम धरला. त्या दिवशी मी तिथेच ओळखलं, आणि बोललो नाही." सगळ्यांना ऐकू गेलं.

 बंडीतली म्हातारी मागूनच म्हणाली, "मले आता समजलं. आमी खाली होतो, तुहा उजेड वरून गेला."

सदारामभाऊंनी बटन बंद केलं. सगळीकडे अंधार. त्यातून त्यांचा आवाज आला, "पाह्यलं का सब्बन? आता उतरा. ज्यायले जाचं असन ते बसून राहा."

एकही माणूस उतरला नाही. म्हातारीला तर जायचंही नव्हतं कुठे, तरी ती बसून राहिली. मी त्याच भरलेल्या गाडीवर नव्यानं नेम धरला. सदारामभाऊ मला फक्त एवढंच म्हणाले, "चहा तुह्याकडून." तो चहा मी जन्मभर पाजला असता, त्यांनी एकदाच घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गेरूच्या रेघेवर पिवळा ऑइल पेंट मारला. सवाऱ्या भरल्या की गोदामासमोर थांबायचं, उजेड रेघेच्या खाली आहे ना बघायचं, आणि मगच जंगलाचा रस्ता धरायचा. हळूहळू बाकीचे ड्रायव्हरही तेच करू लागले. माझ्या दुकानातही नियम झाला. शेजारच्या मिलमधून कोंड्याची पोती आणून आधी गाडी भरायची, मग दिव्याला हात लावायचा. अर्जुनीत माझी टिंगल व्हायची, "हा मिस्त्री आधी पोते भरते, मंग लाईट पाहते." होऊ द्या म्हटलं.

पुढे सगळं बदललं. पांढरे, डोळे फोडणारे एलईडी दिवे आले. रिलेला कोणी विचारेना. आणि नव्या गाड्यांत स्टिअरिंगजवळ एक छोटीशी चकती आली. शून्य, एक, दोन, तीन. गाडीत जितकं ओझं, तितकी ती फिरवायची, की दिवे आपोआप खाली. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी गाडीतच बसून राहिलो. आपण पोत्यांनी आणि गेरूनं जे केलं, ते कोणीतरी दूर कुठे बसून बोटाच्या पेरावर आणून ठेवलं होतं. मी दहा मालकांना विचारलं, ही कशाची चकती? दहाही जणांना ठाऊक नव्हतं. एक म्हणाला, "गान्याचा आवाज कमी-जास्त करायची असन." धन्य!

दुकान बंद केलं त्या वर्षी केशोरीला गेलो. सदारामभाऊंना जाऊन दोन पावसाळे झाले होते. देवकाबाईंना भेटलो आणि परतीच्या गाडीची वाट बघत गोदामाशी येऊन उभा राहिलो. भिंतीला नवा चुना होता, पण रेघ तशीच, पिवळी, एकावर एक थर चढून जाड झालेली. दिवस मावळला होता. एक नवीकोरी गाडी समोर येऊन थांबली, आत माणसं कोंबून भरलेली. तिशीतला ड्रायव्हर खिडकीतून डोकावला.

"बाबाजी, जरासे बाजूले व्हा ना जी. रेघ पाहू द्या."

मी सरकलो. उजेड रेघेच्या चार बोटं वर होता. त्याचा हात खाली गेला, चकती फिरली, आणि तो पांढरा उजेड भिंतीवरून सावकाश उतरला आणि रेघेखाली जाऊन थांबला. 

"कोनाची रेघ आहे हे?" मी विचारलं.

"सदाराम बाबाची जी," तो म्हणाला. "आमच्या केशोरीचे होते. लय तेज नजर होती म्हनतेत त्यायची."

"हाव," मी म्हणालो. "सुईत धागा ओवायचे."